मुंजाजींचा डावा हात

शनिवारी सकाळी सव्वानऊच्या सुमारास मी क्लिनिकमध्ये एका आजींच्या गुडघ्याला पट्टा बांधत होते, तेव्हा बिलालचा फोन आला. बिलाल आमच्या बेसबॉल संघाचा कॅचर, मूळचा लाहोरचा. एरवी तो मेसेज करायचा, फोन कधीच नाही. मी फोन उचलला तर पलीकडून आधी नुसत्याच धापा ऐकू आल्या. मग तो म्हणाला, "दीदी, मुंजाभाई जीने पे गिर गए हैं. उठ नहीं रहे." मी विचारलं, साँस चल रही है? तो म्हणाला, पता नहीं. मी त्याला फोन जमिनीवर ठेवून दोन्ही हातांनी छाती दाबायला सांगितलं आणि इकडून मोठ्यानं आकडे मोजत राहिले. एक, दोन, तीन... आजी टेबलावर तशाच अर्धवट पट्ट्यात बसून माझ्याकडे बघत होत्या. तीसपर्यंत मोजायचं, थांबायचं, पुन्हा एकपासून. अँब्युलन्सची माणसं जिना चढून वर येईपर्यंत मी मोजत होते, आणि कोणीतरी बिलालला बाजूला ओढलं तेव्हा त्याचं रडणं ऐकून मला कळलं की आता मोजण्यात अर्थ नाही.

मी कुवेतच्या रिग्गई भागात संघातली मुलं राहत त्या इमारतीत पोचले तोवर मुंजाजींना नेलेलं होतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर खुबूसची पिशवी पडली होती. कोपऱ्यावरच्या बेकरीतून ते गरम रोट्या आणायला गेले होते. आदल्या दिवशी संघ पहिल्यांदाच अंतिम सामन्यात पोचला होता आणि 'उद्याचा नाश्ता माझ्याकडून' असं त्यांनी पोरांना सांगून ठेवलं होतं. इमारतीची लिफ्ट महिनाभर बंद होती. पिशवीला हात लावला तर रोट्या अजून कोमट होत्या.

या गोष्टीला आता सात आठवडे झाले. पुरवणीच्या संपादकांनी मला 'परदेशात खेळून नाव काढलेल्या मराठी माणसाबद्दल' लिहायला सांगितलं. मुंजाजींनी नाव काढलं, हे खरंच आहे. पण मला त्याबरोबर आणखी एक गोष्ट लिहायची आहे, आणि ती लिहिल्याशिवाय बाकीचं लिहिण्याचा मला हक्क नाही असं वाटतं. मी फिजिओथेरपिस्ट आहे. मूळची नाशिकची, गेली चौदा वर्षं कुवेतमध्ये. मुंजाजींचा डावा हात जिच्या देखरेखीखाली होता, ती मी.

मुंजाजी पहिल्यांदा माझ्याकडे आले ते पेशंट म्हणूनच, संघाच्या पहिल्या हंगामात. क्लबनं आमच्या क्लिनिकशी करार केला होता आणि आठवड्यातून दोनदा मी मैदानावर जायची. उंच, काटकुळा, कानाजवळचे केस पांढरे झालेला एक माणूस कोपराला बर्फ लावून बाकावर बसला होता. मी नाशिकला आईशी फोनवर बोलत होते. फोन ठेवल्यावर तो म्हणाला, "ताई, तुमच्याकडं ज्वारीचं पीठ मिळतंय का हो?" इतक्या वर्षांत एवढ्या गरजेनं मला कोणी काही विचारलं नव्हतं. मी म्हटलं, आमच्या सबाह अल-सालेम भागातल्या एका बकाल्यात, म्हणजे इथल्या वाण्याच्या दुकानात, मिळतं, पण त्याची भाकरी चिरते. तो हसला. म्हणाला, "पीठ द्या, भाकरीचं मी बघतो." पुढच्या शुक्रवारी ते आमच्या घरी आले आणि ओट्याशी उभं राहून सात भाकऱ्या थापल्या, डाव्या हातानं. एकही चिरली नाही. माझे यजमान मिलिंद शुऐबाच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात इंजिनिअर आहेत. जेवताना गप्पांत निघालं की कारखाना बंद ठेवून दुरुस्ती करायच्या ज्या शटडाउनच्या कामावर मिलिंद दिवसरात्र उभे होते, त्याच कामावर मुंजाजी पाइप फिटर होते. दोघं एकाच पाइपच्या दोन टोकांना सहा आठवडे होते आणि एकमेकांचा चेहरा त्यांना आमच्या जेवणाच्या टेबलावर पहिल्यांदा दिसला.

मुंजाजी परभणीचे. शाळेत असताना खेळाच्या सरांनी त्यांच्या हातात बेसबॉलचा चेंडू दिला आणि हा पोरगा डावखुरा आहे म्हणून सोडलाच नाही. आपल्याकडे हा खेळ किती खेळला जातो हे पुण्या-मुंबईच्या लोकांना ठाऊक नसतं. परभणी, लातूर, जळगाव, अमरावतीकडची मुलं राज्याच्या संघात असतात, पदकं आणतात, आणि मग ती पदकं घरात कुठंतरी खिळ्याला लटकतात. मुंजाजी विद्यापीठाकडून खेळले. खेळाच्या जोरावर नोकरी लागेल म्हणून चार वर्षं वाट पाहिली. लागली नाही. आयटीआय केलं आणि कुवेत गाठलं. इथे शुक्रवारी मोकळ्या मैदानात फिलिपिनो आणि जपानी कामगार बेसबॉल खेळत, त्यांच्यात हे एकटे मराठवाड्याचे. मग आखातातल्या शहरांची व्यावसायिक लीग सुरू झाली, कुवेतचा संघ उभा राहिला, आणि प्रत्येक संघात त्याच देशात राहणारे दोन खेळाडू हवेत असा नियम निघाला. त्या नियमानं मुंजाजींना छत्तिसाव्या वर्षी व्यावसायिक खेळाडू केलं. त्यांनी कंपनीची नोकरी सोडली, अकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, क्लबच्या नावावर बदलून घेतला. "सुमनला सांगितलं तर ती म्हणाली, येड लागलं का तुम्हाला," ते बायकोचं सांगत. "मी म्हणलं, हौ, वीस वर्षं झाली लागून."

पहिला हंगाम आठवला की अजून अंगावर काटा येतो. बाकी संघांत अमेरिकेतल्या छोट्या स्पर्धा खेळून आलेले लोक होते. आमच्याकडे पाकिस्तान, श्रीलंका, फिलिपिन्स, भारत इथून गोळा केलेली पंचविशीच्या आतबाहेरची मुलं, आणि व्हेनेझुएलाचे एक शांत कोच, ज्यांचं इंग्रजी निम्म्या मुलांना कळत नसे. आम्ही हरलो, हरलो आणि हरतच राहिलो. एक सामना जिंकलो तोही समोरच्यांचं विमान वादळामुळे उशिरा आलं आणि ते झोपेतच खेळले म्हणून. मुंजाजी त्या हंगामात बाकावरच होते. क्रिकेटमध्ये गोलंदाज तसा बेसबॉलमध्ये पिचर, आणि इथे पिचरकडून वेग मागतात. मुंजाजींचा चेंडू हळू यायचा. ते पाण्याच्या बाटल्या भरत, मुलांचे हातमोजे दुरुस्त करत, हरून आलेल्या मुलाशेजारी नुसते जाऊन बसत. एकदा मी विचारलं, तुम्हाला वाईट नाही वाटत? म्हणाले, "मला सवय आहे ताई. ह्या लेकरांना नाही."

दुसऱ्या हंगामाआधी क्लबचे मालक मैदानावर आले. वयस्कर कुवेती गृहस्थ, कधी आवाज न चढवणारे. सगळ्यांना गोल बसवून त्यांनी सांगितलं की या वर्षी संघ अंतिम सामन्यात पोचला नाही तर क्लब बंद होईल. क्लब बंद म्हणजे अकामा रद्द, आणि अकामा रद्द म्हणजे ज्यानं त्यानं आपल्या गावी परत. त्या मुलांतल्या कितीतरी जणांनी घरी कोणालातरी शब्द देऊन इथे पाऊल ठेवलं होतं. बिलालच्या बहिणीचं लग्न ठरलेलं होतं. श्रीलंकेच्या एका मुलानं तिथली सैन्यातली नोकरी सोडली होती. मुंजाजींची मुलगी प्राजक्ता सातवीत होती आणि त्यांनी तिला परभणीच्या चांगल्या शाळेत घातलं होतं. त्या दिवसापासून मुलं जशी खेळायला लागली तसं मी आधी कोणाला खेळताना पाहिलं नव्हतं. त्यात आनंद नव्हता. घराला आग लागल्यावर माणसं बादल्या उचलतात ना, तसं होतं ते.

तरी पहिले काही सामने गेलेच. डिसेंबरात वारा इतका बोचरा होता की मुलांच्या बोटांना भेगा पडल्या. आमचे दोन्ही मुख्य पिचर एकाच आठवड्यात जायबंदी झाले, एकाचा खांदा, दुसऱ्याची मांडी. एका सामन्यात शेवटची इनिंग उरली होती, आम्ही एका धावेनं पुढे होतो आणि चेंडू टाकायला धड माणूस नव्हता. कोचनी बाकावर नजर फिरवली आणि मुंजाजींकडे बोट केलं. मला स्पष्ट आठवतं, मुंजाजींनी आधी मागे वळून पाहिलं, आपल्या मागे कोणी आहे का म्हणून. मग ते मैदानाच्या मधोमध मातीच्या त्या उंचवट्यावर जाऊन उभे राहिले. समोरचा फलंदाज वेगाला सरावलेला. मुंजाजींचा चेंडू आला तो इतका सावकाश, आणि शेवटच्या क्षणी असा खाली बुडाला, की त्यानं दांडकं फिरवलं तेव्हा चेंडू अजून वाटेतच होता. तीन बाद झाले की इनिंग संपते; तिन्ही फलंदाज तसेच गेले. बिलाल धावत जाऊन त्यांना उचलायला लागला तर ते ओरडले, "अरे सोड, कंबर धरंल!"

त्यानंतर शेवटची इनिंग त्यांचीच झाली. आम्ही जिंकायला लागलो. आधी एक, मग लागोपाठ तीन. रिकामे स्टँड भरू लागले. फिलिपिनो कुटुंबं डबे घेऊन येत, शुऐबाच्या कॅम्पातले कामगार सुटीच्या दिवशी बस करून येत. कोकणातले सुतार-प्लंबर, ज्यांनी जन्मात बेसबॉल पाहिला नव्हता, ते 'मुंजाभाव, मुंजाभाव' म्हणून बोंब ठोकत. स्थानिक वर्तमानपत्रात त्यांचा फोटो आला. प्रत्येक सामन्यानंतर मुंजाजी प्राजक्ताला व्हिडिओ कॉल करत आणि फोन उलटा धरून तिला धावफलक दाखवत. आणि त्यांची एक गोष्ट लोकांना फार आवडायला लागली होती. बाकी पिचर मैदानात धावत जातात. मुंजाजी चालत जायचे. अगदी हळू, एकेक पाऊल मोजत, मान खाली घालून. पब्लिक त्या पावलांच्या ठेक्यावर टाळ्या वाजवायचं. प्रतिपक्षावर दडपण आणायची ही त्यांची युक्ती आहे, असं एकानं लिहिलंही होतं. मीसुद्धा टाळ्या वाजवल्या आहेत. तो माणूस धावू शकत नव्हता म्हणून चालत होता, हे त्या हजारभर माणसांत ज्या एका बाईनं ओळखायला हवं होतं, ती बाई ठेका धरून टाळ्या वाजवत होती...

जानेवारीच्या मध्यावर त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं. डावा खांदा, पाठीचं पातं आणि तिथून दंडात उतरणारी कळ. डावखुऱ्या पिचरचा डावा हात दुखतोय, यात मला वेगळं काय वाटणार? दर आठवड्याला मी असे चार हात बघत होते. मी तपासलं, स्नायू ताठर होते, मी अल्ट्रासाउंडच्या मशीननं शेक दिला, टेप लावली, व्यायाम लिहून दिले. दोन दिवस त्यांना बरं वाटलं. मग पुन्हा दुखायला लागलं. एका सोमवारी ते टेबलावर पालथे झोपले होते, मी पाठीवर दाब देत होते, आणि ते उशीत तोंड खुपसून म्हणाले, "गंमत बघा ताई. बॉल टाकताना काईच होत नाही. जिना चढायलो का मग दुखायलंय."

माझे हात थांबले होते. हे मी आज स्पष्ट लिहिते. फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही शिकवतात की दुखणं हाताचं असेल तर ते हात वापरल्यावर दुखेल. जिना चढल्यावर जो हात दुखतो, ते दुखणं हाताचं नसतं. मला ते त्या क्षणी आठवलं. मी म्हटलं, "मुंजाजी, एकदा ईसीजी काढून घ्या." ते उठून बसले. शर्टाची सगळी बटणं लावली. मग म्हणाले, "काढला आन् काही निघालं, तर क्लबच्या डॉक्टरला सांगावं लागंल ना?" मी म्हटलं, हो. "मग मला बसवतील. सदतीस वर्षांच्या माणसाला एकदा बसवलं का परत उठवतंय कोण? आन् मी बसलो तर शेवटची इनिंग टाकणार कोण, तुम्हीच सांगा." मी टेपचा रोल गुंडाळत राहिले. ते म्हणाले, "सेमीफायनल होऊ द्या. तीन आठवडे. मग तुम्ही म्हणाल तिथं येतो. ॲसिडिटी असंल हो, मला जुनी आहे." आणि मी म्हटलं... मी म्हटलं, "ठीक आहे, पण जिने जपून चढा."

जिने जपून चढा. लिफ्ट बंद असलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला.

मी हे का केलं, याचा मी सात आठवडे विचार करते आहे. त्यांच्यावर दया आली म्हणून, असं मी मिलिंदला सांगितलं. ते अर्धंच खरं आहे. मलाही जिंकायचं होतं. चौदा वर्षं मी इथे गुडघे आणि कंबरा शेकत होते आणि त्या हिवाळ्यात पहिल्यांदा मी कशाचा तरी भाग होते. मुलं मला 'दीदी' म्हणून मिठ्या मारत होती, वर्तमानपत्रातल्या संघाच्या फोटोत मी उजवीकडून तिसरी उभी होते. मुंजाजी बसले असते तर ते सगळं संपलं असतं. मी त्या सोमवारी एका फोनवर त्यांना वाचवू शकले असते, आणि त्यानंतरच्या प्रत्येक दिवशी. क्लिनिकच्या वरच्याच मजल्यावर ईसीजीचं मशीन आहे. त्या तीन आठवड्यांत मी रोज त्या मजल्यावर चहा प्यायला जात होते.

सेमीफायनल शुक्रवारी दुपारी होती. आकाश धुळीनं पिवळं झालं होतं, स्टँडमध्ये उभं राहायला जागा नव्हती. शेवटच्या इनिंगला आम्ही पुन्हा एकाच धावेनं पुढे. मुंजाजी निघाले, हळूहळू, आणि टाळ्यांचा ठेका सुरू झाला. त्यांनी दोन फलंदाज बाद केले, पण तोवर समोरच्या संघाचे दोन जण बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या थांब्यांवर, पोचले होते. म्हणजे एक जरी चेंडू मोकळा लागला असता तर सामना गेला, हंगाम गेला, सगळं गेलं. मुंजाजी उंचवट्यावर वाकून गुडघ्यांवर हात ठेवून उभे राहिले. किती वेळ ते मला माहीत नाही. बिलाल उठून त्यांच्याकडे जायला निघाला, त्यांनी हातानंच त्याला परत बसवलं. तीन चेंडू हुकले की फलंदाज बाद. मग त्यांनी तीन चेंडू टाकले. तिसरा इतका हळू होता की मला त्याची शिवण दिसली. फलंदाजानं दांडकं आधीच फिरवून टाकलं आणि चेंडू मागून येऊन बिलालच्या हातमोज्यात पडला.

सगळे मैदानात धावले. मी बाकाशी होते. मुंजाजी गर्दीतून सुटून माझ्या शेजारी येऊन बसले. इतक्या गार वाऱ्यात त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता, ओठांचा रंग गेला होता. मी त्यांचं मनगट धरलं. ठोके चुकतमाकत लागत होते. मी म्हटलं, "मुंजाजी, आत्ता हॉस्पिटलला चला." ते म्हणाले, "आज नको ताई. आज ही पोरं बघा, कशी नाचायलीत. मी उठून हॉस्पिटलला गेलो तर सगळी मागं येतील." मी म्हटलं, मग उद्या. मी स्वतः घेऊन जाते. "हौ," ते म्हणाले, "उद्या दहाला येतो क्लिनिकवर. वचन." आणि मी मनगट सोडलं. इतकंच. कोणीतरी फोटो काढायला बोलावलं, आम्ही दोघंही उठून गेलो.

शनिवारी दहाला ते शवागारात होते. अचानक मृत्यू म्हणून तपासणी झाली. तिथले इजिप्तचे डॉक्टर सभ्य माणूस होते. मी फिजिओथेरपिस्ट आहे म्हटल्यावर त्यांनी मला खुर्ची दिली आणि समजावून सांगितलं. हृदयावर एक जुना व्रण होता. साधारण पाच आठवड्यांपूर्वीचा. म्हणजे एक झटका आधीच येऊन गेला होता, दुखणं हाताचं समजून तो अंगावर काढला गेला, आणि जखमी हृदय घेऊन हा माणूस हिंडत राहिला. "त्याला हात दुखत असल्याची तक्रार होती का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, होती. "कोणाला दाखवलं होतं का?" मी म्हटलं, मला. त्यांनी समोरचे कागद सारखे केले.

त्यांना घरी पाठवायचे सगळे कागद मिलिंदनी आणि बिलालनी केले. मी काही कामाची नव्हते. चार दिवसांनी अंतिम सामना झाला. मुलांनी दंडाला काळ्या फिती बांधल्या होत्या. शेवटच्या इनिंगला कोचनी एका तरुण पिचरला पाठवलं. त्यानं जीव तोडून चेंडू टाकले, आणि आम्ही हरलो. ड्रेसिंग रूममध्ये मालक आले. मुंजाजींसाठी उभं राहून त्यांनी दुवा मागितली आणि मग सांगितलं की क्लब बंद होणार नाही, सगळ्यांचे अकामे पुढच्या वर्षासाठी वाढवले जातील. एक मुलगा आनंदानं ओरडला आणि लगेच तोंडावर हात ठेवून खाली बसला. त्याच्यामागून एकेक करून सगळेच रडायला लागले. ज्या गोष्टीसाठी मुंजाजी थांबले होते ती मिळाली होती. बिलाल माझ्याकडे बघत होता. जिन्याचं वाक्य त्याला माहीत नव्हतं. मला वाटलं, सांगावं याला. सांगितलं नाही.

महिन्याभरानं मी परभणीला गेले. मुंजाजींचं घर गावाच्या कडेला, दोन खोल्यांचं, वर पत्रे. सुमन माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान असेल. तिनं मला ओळखलं, फोटोतून. "तुम्हीच ना त्या ताई, भाकरीच्या पिठाच्या?" असं म्हणून पाणी दिलं. प्राजक्ता शाळेत गेली होती, तिच्या सासूबाई शेजारी. मी ठरवून गेले होते की बसल्याबसल्या सांगून टाकायचं, नाहीतर धीर होणार नाही. मी सगळं सांगितलं. हात, जिना, ईसीजीचं मशीन, तीन आठवडे, मनगट. कुठेही स्वतःला सावरून घेतलं नाही. सुमन तांदूळ निवडत होती. ताट मांडीवरून खाली ठेवून तिनं विचारलं, "म्हणजे वाचले असते?"

मी म्हटलं, "हो. बहुतेक वाचले असते."

ती उठून आतल्या खोलीत गेली. मी बाहेर बसून राहिले. आतून काहीही आवाज येत नव्हता, रडण्याचाही नाही. पत्र्यावर ऊन चढत गेलं. निघून जावं का, हेही मला कळेना. बऱ्याच वेळानं ती दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्हाला माफ करायचं मला जमायचं नाही. आज तर नाहीच, पुढचं माहीत नाही. पण हे कुठंतरी लिहा. कुण्या तरी बाईच्या नवऱ्याचा हात दुखत असंल. मी वाचणार नाही, मला दाखवू बी नका. पण लिहा." मी मान हलवली. मग ती म्हणाली, "आता आलाच आहात तर एक काम करा. माझ्यानं होईना, आन् पोरीसमोर करायचं नाही."

पलंगाखालून तिनं एक निळी बॅग ओढून काढली. क्लबनं मुंजाजींचं सामान भरून पाठवलं होतं, कुलूप तसंच होतं. तिनं दिलेल्या किल्लीनं ते उघडून मी चेन ओढली. वर संघाचा गणवेश, धुऊन घडी घातलेला. त्याखाली घरातले कपडे, बनियन, एक मफलर, प्राजक्तासाठी घेतलेला रंगीत पेन्सिलींचा डबा. बॅग उघडताच खोलीत एक वास पसरला, कापूर आणि निलगिरीसारखा, किंचित तिखट. सुमननं पटकन एक बनियन उचलून दोन्ही हातांनी तोंडाशी धरलं. तिचे डोळे मिटले होते. "हेच," ती म्हणाली. "हाच वास. मागच्या खेपेला आले तवा ह्यांच्या अंगाला हाच वास यायचा. मी म्हणायची, कुवेतचा वास आहे तुमचा." आणि मग ती रडली, इतक्या वेळानं पहिल्यांदा, बनियनमध्ये तोंड खुपसून, अंग हलवत.

तो वास मी ओळखला होता. दुखऱ्या खांद्याला चोळायला मी त्यांना जे मलम देत असे, पहिल्या वर्षी कोपरासाठी आणि नंतर या दुखण्यासाठी, त्याचा वास होता तो. माझ्या क्लिनिकच्या कपाटात त्याच्या डब्या ओळीनं लावलेल्या आहेत. मी सुमनला इतकं सगळं सांगितलं होतं, तेही सांगायला तोंड उघडलं... पण तिनं बनियनची घडी केली, पुन्हा एकदा वास घेतला, ते उशीखाली ठेवलं, आणि बॅगेची चेन घट्ट लावून घेतली, वास बाहेर जाऊ नये म्हणून.

मी बॅग पुन्हा पलंगाखाली सरकवली.